टोल्कीन : सत्तेचा मोह आणि दयेचे मोल

श्रोतेहो, काही ग्रंथकारांच्या वाट्याला टीकाकारांचा गौरव येतो, तर काहींच्या वाट्याला वाचकांचे प्रेम. दोन्ही एकाच माणसाच्या पदरी पडावे, हा योग विरळा. जे. आर. आर. टोल्कीन या इंग्रज लेखकाच्या बाबतीत तर या दोन निकालांत इतके अंतर पडले की, दोन्ही पक्ष एकाच ग्रंथाविषयी बोलत आहेत ना, अशी शंका यावी. १९६१ सालच्या नोबेल पारितोषिकासाठी त्याचे नाव त्याचा मित्र, प्रख्यात लेखक सी. एस. लुइस, याने सुचविले होते. पन्नास वर्षांनी स्वीडिश अकादमीची जुनी कागदपत्रे खुली झाली, तेव्हा त्या नावापुढचा शेरा जगाला कळला. टोल्कीनचे गद्य उत्तम कथाकथनाच्या पातळीला पोहोचत नाही, असे अँडर्स ओस्टरलिंग या सभासदाचे मत पडले होते. त्या वर्षीचा मान युगोस्लाव्हियाच्या इव्हो आंद्रिचला मिळाला. पुढे १९९७ साली ब्रिटनमध्ये एका मोठ्या पुस्तकविक्रेत्या पेढीने, विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ ग्रंथ कोणता, असा कौल वाचकांकडून घेतला. त्यात पहिला क्रमांक आला तो टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्रिखंडात्मक अद्भुतकथेचा! तो निकाल ऐकून अनेक विद्वानांनी कपाळावर हात मारून घेतला.

यांपैकी कोणता निकाल खरा, हे मतांची मोजदाद करून ठरावयाचे नाही. त्यासाठी या अद्भुतकथेच्या तळाशी जगाकडे पाहण्याची कोणती दृष्टी आहे, हेच शोधले पाहिजे. माझ्या मते ती दृष्टी दोन वाक्यांत सांगता येईल. दुसऱ्यावर अनिर्बंध हुकमत चालविणारी सत्ता चांगल्या हेतूने हाती घेतली तरी ती घेणाऱ्यालाच नासविते, हे पहिले. आणि अशा सत्तेचा नाश अखेर पराक्रमाने होत नाही, तर कधीतरी, कोणीतरी, फळाची अपेक्षा न धरता दाखविलेल्या दयेने होतो, हे दुसरे. टोल्कीनची कीर्ती अफाट पसरली. परंतु त्या कीर्तीच्या गजरात हे म्हणणे पुष्कळदा ऐकूच आले नाही.

टोल्कीनचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. त्याचे वडील तेथे एका बँकेत नोकरीस होते. आई दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आली असतानाच, १८९६ साली, तिकडे वडील वारले. बर्मिंगहॅमनजीकच्या सेअरहोल नावाच्या लहान गावात, पाणचक्की आणि झाडे यांच्या सहवासात त्याच्या बालपणीची काही वर्षे गेली. १९०० साली आईने रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यामुळे आप्तांकडून मिळणारी मदत तुटली. १९०४ साली ती मधुमेहाने गेली. इन्शुलिनचा शोध लागण्यास अद्याप सतरा वर्षे अवकाश होता. बारा वर्षांच्या टोल्कीनचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूने केला. आपल्या आईने श्रद्धेपायी प्राण वेचले, ही भावना टोल्कीनच्या मनात जन्मभर राहिली. त्याची धर्मनिष्ठा ही अशी दुःखाच्या वाटेने आलेली होती.

शाळेत असताना त्याचे तीन जिवलग मित्र होते. पहिल्या महायुद्धात हे चौघेही रणांगणावर वा समुद्रावर गेले. टोल्कीन १९१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईत संदेशवहनाचा अधिकारी म्हणून दाखल झाला. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे १ जुलै रोजी, मित्रांपैकी रॉब गिल्सन पडला. डिसेंबरमध्ये जेफ्री स्मिथ जखमांनी वारला. उवांमुळे होणाऱ्या खंदकज्वराने टोल्कीनला गाठले आणि नोव्हेंबरमध्ये तो इंग्लंडला परत आला. ज्या तापाने तो अंथरुणाला खिळला, त्यानेच बहुधा त्याचा जीव वाचविला. पुढे त्याच्या कथेत चिखलाने भरलेल्या, मृतांचे चेहरे पाण्याखाली दिसणाऱ्या दलदलींचे जे वर्णन येते, त्यामागे हे अनुभव आहेत. सॅम नावाचा त्याचा साधाभोळा, एकनिष्ठ सेवक हे महायुद्धात पाहिलेल्या सामान्य शिपायांचेच प्रतिबिंब आहे, असे टोल्कीन सांगत असे. अद्भुतकथा लिहिणारा हा मनुष्य वास्तवापासून दूर कोठे तरी सुखात बसलेला होता, असे ज्यांना वाटते त्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

व्यवसायाने तो भाषाशास्त्रज्ञ. युद्धानंतर काही काळ ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशाच्या कामावर त्याने नोकरी केली. नंतर लीड्स येथे अध्यापन केले, आणि १९२५ पासून १९५९ पर्यंत तो ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होता; आधी प्राचीन इंग्रजीचा, व १९४५ नंतर इंग्रजी भाषा व साहित्य या विषयाचा. परंतु भाषा अभ्यासणे एवढ्यावर त्याची हौस भागेना. तो नव्या भाषा रचू लागला. फिनिश भाषेच्या नादमाधुर्यावरून त्याने एक भाषा घडविली, वेल्श भाषेच्या वळणावर दुसरी. मग त्याच्या लक्षात आले की, नुसते व्याकरण आणि शब्दसंग्रह म्हणजे भाषा नव्हे. भाषेला बोलणारी माणसे लागतात, त्या माणसांना इतिहास लागतो, आणि त्या इतिहासाला दंतकथा, गाणी, शोक व वैर लागते. या गरजेतून त्याचे ‘मिडल-अर्थ’ नावाचे जग उभे राहिले. आपल्या कथा आपल्या भाषांसाठी जन्मल्या, भाषा कथांसाठी नव्हेत, असे तो आवर्जून सांगे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी अशा वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे म्हणणे समजावयास जड जाऊ नये. एखादा शब्द हरवला म्हणजे त्याबरोबर जगण्याची एक रीतच हरवते, हे सीमेवरच्या आणि परप्रांतांतल्या मराठी माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

१९३७ साली ‘द हॉबिट’ ही त्याची बालकथा प्रसिद्ध झाली. हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अनविन याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचावयास दिले होते. त्या मुलाने एक शिलिंग मोबदला घेऊन अनुकूल अभिप्राय लिहिला. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, आणि टोल्कीनने डिसेंबर १९३७ मध्ये लेखनास प्रारंभ केला. ते लेखन पुरे होण्यास सुमारे बारा वर्षे लागली. कागद महाग असल्याने ग्रंथ तीन खंडांत विभागावा लागला, आणि १९५४ व १९५५ या दोन वर्षांत ते खंड बाहेर पडले. डब्ल्यू. एच. ऑडनसारख्या कवीने त्याचे मुक्तकंठाने स्वागत केले. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन याने १९५६ साली तो पोरकट ठरवून निकालात काढला. १९६५ साली अमेरिकेत एका प्रकाशकाने, कायद्यातील पळवाटेचा लाभ घेऊन, लेखकाच्या संमतीवाचून स्वस्त आवृत्ती काढली. त्या वादाने पुस्तकाचा बोलबाला उलट वाढलाच, आणि विद्यापीठांतील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. टोल्कीन १९७३ साली वारला. २००१ ते २००३ या काळात निघालेल्या तीन चित्रपटांनी त्याचे नाव पुस्तके न वाचणाऱ्यांच्याही तोंडी नेले. त्यांपैकी तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. अद्भुतरम्य साहित्य म्हणजे वास्तवापासून पलायन, असे म्हणण्याची चाल पडून गेली आहे. टोल्कीनने याला १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथील व्याख्यानात उत्तर दिले होते. त्याचा आशय असा की, टीकाकार दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करतात. रणांगणावरून पळणारा भेकड शिपाई वेगळा, आणि तुरुंगात असताना बाहेरच्या जगाचा विचार करणारा कैदी वेगळा. कैद्याने भिंती आणि पहारेकरी यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दलही बोलू नये, असा आग्रह धरणे योग्य होईल काय? शिवाय, अद्भुतकथा ओळखीच्या वस्तूंवरची सवयीची धूळ झटकून त्या पुन्हा नव्याने दाखविते, असेही त्याने सांगितले. आपल्या साहित्यशास्त्राने अद्भुताला रसांच्या पंक्तीत मानाचे पान दिले आहे. त्यामुळे हे म्हणणे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु पलायनाच्या आक्षेपाला खरे उत्तर त्याच्या कथेनेच दिले आहे. कथेचे सूत्र असे : सॉरॉन नावाच्या दुष्ट शक्तीने पूर्वी एक अंगठी घडविली. तिच्यात त्याने आपले बरेचसे सामर्थ्य ओतले. ती हरवली, आणि फिरत फिरत हॉबिट नावाच्या बुटक्या, खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडीत रमणाऱ्या लोकांपैकी फ्रोडो नावाच्या एकाच्या हाती आली. जुन्या कथांत नायक हरवलेले रत्न किंवा राज्य मिळविण्यास निघतो. येथे नायक निघतो तो हातात असलेली वस्तू नष्ट करण्यासाठी. ती जेथे घडविली त्या ज्वालामुखीतच ती टाकली पाहिजे. तिचा वापर करून शत्रूला जिंकावे, असे वारंवार सुचविले जाते, आणि वारंवार ते नाकारले जाते. ज्ञानी गँडाल्फला फ्रोडो अंगठी देऊ करतो, तेव्हा तो घाबरून नकार देतो. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. दुष्टपणाने नव्हे, तर दुर्बळांविषयीच्या कळवळ्याने, त्यांचे भले करण्याच्या इच्छेनेच, ही अंगठी माझ्या मनात शिरकाव करील, असे तो म्हणतो. पुढे टोल्कीनने असेही लिहून ठेवले की, गँडाल्फने अंगठी घेतली असती तर तो सॉरॉनपेक्षाही वाईट ठरला असता. कारण त्याने सारे जुलूम न्यायाच्या आणि लोककल्याणाच्या नावाने केले असते!

हे विचार त्याने केवळ कथेपुरते ठेवले नव्हते. १९४४ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, सैन्यात असलेल्या आपल्या मुलास, ख्रिस्टोफरला, त्याने लिहिले की, आपण सॉरॉनला अंगठीच्याच बळाने जिंकू पाहत आहोत. त्यात यशही येईल, परंतु त्याची किंमत म्हणून नवे सॉरॉन जन्मास येतील. १९४५ च्या ऑगस्टमध्ये अणुबाँबची वार्ता आली, तेव्हा असले अस्त्र घडविण्यास राबलेल्या शास्त्रज्ञांच्या मूढपणावर त्याने कडक शब्दांत राग व्यक्त केला. ही अंगठी म्हणजे अणुबाँबच, असे पुढे पुष्कळांना वाटले. टोल्कीनने ते साफ नाकारले. अंगठीची कल्पना बाँबच्या कितीतरी आधीची. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने बजावले की, माझी कथा महायुद्धाचे रूपक असती, तर तीत अंगठी नष्ट झालीच नसती. ती ताब्यात घेऊन शत्रूविरुद्ध वापरली गेली असती. आपल्या जगात काय घडते आणि आपल्या कथेत काय घडते यांतील हा फरक त्याने जाणूनबुजून ठेवला होता.

राजकीय मतांविषयी तो मुलाला लिहितो की, आपला कल अधिकाधिक नियंत्रणविरहित समाजाकडे झुकत आहे. दुसऱ्यांवर हुकूम गाजविणे हे माणसाला सर्वांत न शोभणारे काम आहे. लाखांत एखादाही त्याला पात्र नसतो, आणि जे ते मिळविण्यास धडपडतात ते तर मुळीच नसतात, असे त्याचे म्हणणे. या दृष्टीला कोणी भाबडी म्हणेल. राज्य तर कोणीतरी चालविलेच पाहिजे, असा व्यवहारी प्रश्नही विचारील. टोल्कीन राज्य नाकारीत नव्हता. त्याच्या कथेच्या शेवटी राजाही आहे आणि राज्याभिषेकही. परंतु तो राजा त्याच्या हातून झालेल्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेवरून ओळखला जातो, हे विसरता येत नाही.

आता दयेविषयी. ‘द हॉबिट’ या पहिल्या पुस्तकात फ्रोडोचा काका बिल्बो याला, अंगठीच्या मोहाने पिशाचवत झालेल्या गॉलम नावाच्या प्राण्याला ठार मारण्याची संधी येते. बिल्बोला त्याची कीव येते आणि तो त्याला सोडून देतो. पुढे फ्रोडोदेखील त्याला जीवदान देतो. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने हा मूर्खपणा. गॉलम अखेरपर्यंत कृतघ्नच राहतो. मग तो शेवटचा क्षण येतो. फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर उभा राहतो, आणि, श्रोतेहो, येथे नायक हरतो! अंगठी टाकावयाची नाही, ती माझी आहे, असे तो म्हणतो. त्याच क्षणी गॉलम त्याच्यावर झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो, आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन तिच्यासह आगीत पडतो. जगाची सुटका होते ती नायकाच्या निग्रहाने नव्हे, तर बऱ्याच वर्षांपूर्वी दाखविलेल्या दयेने. फ्रोडोच्या या पराभवाविषयी अनेकांनी टोल्कीनला पत्रे लिहिली. त्याने उत्तर दिले की, माणसाच्या शक्तीला मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंत जो झिजला, त्याचे अपयश हे पाप नव्हे. फ्रोडो घरी परततो, परंतु बरा होत नाही. रणांगणावरून आलेल्या आणि मनाने कधीच घरी न पोहोचलेल्या सैनिकांना ज्याने पाहिले, त्याच्याच लेखणीतून हा शेवट उतरू शकतो.

टोल्कीनवरचे सर्व आक्षेप यामुळे खोडले गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या जगात स्त्रिया फार थोड्या आहेत. नऊ जणांच्या प्रवासी मंडळात एकही नाही. सेवक सॅम आणि धनी फ्रोडो यांच्या नात्यात जुन्या इंग्लंडमधील वर्गव्यवस्था निमूटपणे मान्य केलेली दिसते. हा सारा प्रकार इंग्रज मध्यमवर्गाला गोंजारून निजविणारा आहे, असा हल्ला मायकेल मुरकॉक या कादंबरीकाराने १९७८ साली चढविला. त्याहून गंभीर आक्षेप वंशाचा. त्याच्या कथेत शत्रूच्या बाजूने लढणारे पुष्कळ लोक पूर्वेचे व दक्षिणेचे आहेत, आणि त्यांतील काही वर्णाने काळे आहेत. ऑर्क ही जात तर जन्मतःच क्रूर दाखविली आहे. आपल्यासारख्या पूर्वेकडील वाचकाला हे खुपल्यास त्यात नवल नाही, आणि ते झाकण्याचेही कारण नाही.

परंतु लेखकाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ‘द हॉबिट’च्या भाषांतरापूर्वी, आपण आर्यवंशीय आहात काय, अशी पृच्छा केली. टोल्कीन संतापला. त्याने तयार केलेल्या उत्तराचा मसुदा उपलब्ध आहे. आर्य हा शब्द भारत व इराण येथील भाषाकुलाशी निगडित आहे. माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्तानी वा फारसी बोलत असल्याचे मला माहीत नाही, असे तो भाषापंडिताच्या थाटात सुनावतो. मी ज्यू आहे काय एवढेच विचारावयाचे असेल, तर त्या गुणी लोकांपैकी माझे पूर्वज नव्हते याची मला खंत वाटते, असे तो पुढे लिहितो. आपल्या भाषाकुलाच्या नावाचा जो गैरवापर चालला होता, त्याला एका इंग्रज पंडिताने दिलेले हे उत्तर आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. कथेतही दक्षिणेकडील एक शत्रुसैनिक सॅमच्या समोर मरून पडतो, तेव्हा सॅमच्या मनात विजयाचा आनंद येत नाही. याचे नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता की कोणी खोटे सांगून याला घरापासून एवढ्या दूर आणले, असा विचार त्याच्या मनात येतो. ऑर्कांचा प्रश्न तर टोल्कीनला स्वतःलाच छळीत राहिला. कोणतीही वस्तू आरंभी दुष्ट नसते, सॉरॉनसुद्धा नव्हता, हे त्याच्याच ग्रंथातले तत्त्व. मग एक सबंध जात उद्धाराला पारखी कशी? याची निरनिराळी उत्तरे त्याने उतारवयात लिहून पाहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९९३ साली, मुलाने संपादिलेल्या ग्रंथात छापली गेली. एकाही उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. आपल्या कथेतील वैगुण्य स्वतः ओळखून त्याच्याशी अखेरपर्यंत झगडणारा लेखक मला तरी आदरणीय वाटतो.

कीर्तीचे एक दुर्दैव असे की, ती लेखकाला कोणाच्याही दारी नेऊन उभी करते. १९६०नंतरच्या दशकात अमेरिकेतील युद्धविरोधी तरुणांनी टोल्कीनला आपला मानले. वृक्षतोडीला विरोध करणाऱ्यांनी त्याच्या चालत्याबोलत्या वृक्षांत आपला कैवारी पाहिला. १९७७ साली इटलीतील नवफॅसिस्ट तरुणांनी आपल्या मेळाव्याला ‘हॉबिट’चे नाव दिले! २००३ साली स्थापन झालेल्या एका अमेरिकन कंपनीने आपले नाव त्याच्या कथेतील दूरदर्शी स्फटिकांवरून ‘पॅलंटिअर’ असे ठेवले. सरकारे आणि सेनादले यांना माहितीच्या प्रचंड साठ्याचे पृथक्करण करून देणे हा तिचा व्यवसाय. कथेतील ते स्फटिक खोटे दाखवीत नाहीत; परंतु त्यांत डोकावणारा डेनेथॉर शत्रूला जेवढे दाखवावेसे वाटते तेवढेच पाहतो, आणि निराशेने प्राण देतो. पुष्कळ पाहणे म्हणजे शहाणे होणे नव्हे, हा त्या प्रसंगाचा बोध. नाव घेणाऱ्यांनी तो कितपत मनावर घेतला, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

टोल्कीनचा ग्रंथ लांबलचक आहे, त्याची भाषा ठिकठिकाणी मुद्दाम जुनाट आहे, आणि वर सांगितलेली वैगुण्येही त्यात आहेत. तरीही विसाव्या शतकातील लक्षावधी वाचक त्याच्याकडे वळले, ते केवळ मनोरंजनासाठी वळले असे मला वाटत नाही. त्या शतकाने अनेक सत्पक्षांना अंगठी बोटात घालताना पाहिले होते. आम्ही हिचा उपयोग चांगल्यासाठीच करू, हे शब्द त्याने कितीतरी भाषांतून ऐकले होते. अशा वेळी, ती घेऊच नका, आणि हरलेल्या शत्रूला मारण्यापूर्वी क्षणभर थांबा, असे सांगणारी कथा लोकांनी हृदयाशी धरली. ओस्टरलिंगचा शेरा गद्यापुरता मर्यादित होता. वाचकांनी कौल दिला तो या शहाणपणाला. ज्यांनी हा ग्रंथ वाचला नसेल, त्यांनी तो वाचताना लढाया थोड्या भरभर उलटल्या तरी चालेल. परंतु बिल्बोचा हात जेथे थांबतो, तेथे त्यांनीही जरा थांबावे.